मन-शरीर ‘द्वैतवाद’: हा शब्द येथे चालेल का?

अर्थशोध:
तत्त्वज्ञानाच्या एका प्राथमिक पाठ्यपुस्तकातील मन आणि शरीर यांच्या संबंधावरचे प्रकरण मी मराठीत आणत आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ मध्ये मांडलेले मत सर्वांना ठाऊक आहे: विचार करणे हाच ज्याचा धर्म आहे असे एक द्रव्य आणि जागा व्यापणे हाच ज्याचा धर्म आहे असे दुसरे द्रव्य, आणि माणूस म्हणजे या दोहोंचा संयोग. या मताला मी सरळ ‘द्वैतवाद’ म्हटले होते. मसुदा वाचणाऱ्या एका जाणत्या व्यक्तीने समासात लिहिले की, मराठीत द्वैतवाद म्हणजे जीव आणि ईश्वर भिन्न मानणारे मध्वाचार्यांचे दर्शन, त्यामुळे विद्यार्थी भलत्याच वाटेने जातील. त्यांनी ‘द्विद्रव्यवाद’ हा शब्द सुचवला आहे.

शेरा निराधार नाही. परंतु याच प्रकरणात पुढे असे एक मत येते की, द्रव्य एकच, भौतिक. मात्र त्याचे गुणधर्म दोन प्रकारचे, भौतिक आणि मानसिक. मूळ परिभाषेत दोन्ही मतांना ‘ड्युअलिझम’ हे एकच सामान्य नाव आहे आणि त्यांची तुलना त्या नावावरच उभी आहे. पहिल्याला ‘द्विद्रव्यवाद’ आणि दुसऱ्याला ‘गुणद्वैतवाद’ म्हटले तर दोन मतांचे नाते वाचकाला दिसणार नाही. ‘मनोशारीरिक द्वैतवाद’ असे विशेषण लावून भागेल का? की ‘द्वैत’ टाळलेलेच बरे?

दर्शनपाठी:
विशेषण लावल्याने अडचण सुटणार नाही, कारण ती ‘द्वैत’ या शब्दात नसून ‘मन’ या शब्दात आहे. सांख्य दर्शन निःसंशय दोन तत्त्वे मानते, पुरुष (शुद्ध चैतन्य) आणि प्रकृती (जड तत्त्व). पण त्या विभागणीत मन कोठे पडते? बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीचीच परिणती आहेत. म्हणजे शरीर ज्या बाजूला, मनही त्याच बाजूला. वैशेषिक या दुसऱ्या प्राचीन दर्शनाच्या नऊ द्रव्यांच्या यादीत आत्मा वेगळा आणि मन वेगळे. हे मन अणुपरिमाण, म्हणजे अणूएवढे सूक्ष्म, आहे, ते साधन आहे, आणि ज्ञान हा त्याचा नव्हे तर आत्म्याचा गुण आहे. न्यायसूत्रांत मनाचे अनुमान कशावरून केले आहे तेही पाहण्यासारखे आहे: ‘युगपज्ज्ञानानुत्पत्तिर्मनसो लिङ्गम्’. डोळे, कान, त्वचा ही सारी आपापल्या विषयांशी एकाच वेळी जोडलेली असूनही आपल्याला एका क्षणी एकच ज्ञान होते, त्याअर्थी मध्ये एक असे साधन असले पाहिजे जे एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते. हे मन म्हणजे देकार्तचा विचार करणारा ‘मी’ नव्हे.

तेव्हा ‘मन आणि शरीर यांचे द्वैत’ हा शब्दप्रयोग आपल्या परंपरेतील जाणत्या वाचकाला एकाच बाजूच्या दोन वस्तूंमधील फरकासारखा वाटेल. माझे मत असे की, देकार्तपुरता ‘आत्मा’ हाच शब्द घ्यावा. त्याने स्वतः १६४९ च्या फ्रेंच ग्रंथात, जेथे मनोविकारांची चर्चा आहे तेथेही, आत्मा याच अर्थाचा शब्द वापरला आहे.

मुक्तवाचक:
माझी याला तीव्र हरकत आहे. आज मराठी बोलणारा माणूस ‘माझ्या मनात आले’ असे म्हणतो तेव्हा तो वैशेषिकांचे अणुपरिमाण साधन डोळ्यांसमोर ठेवून बोलत नसतो. वाटणे, आठवणे, इच्छिणे, ठरवणे, कल्पना करणे या साऱ्यांचे ठिकाण म्हणजे मन, हा आजचा अर्थ आहे, आणि पाठ्यपुस्तक आजच्या विद्यार्थ्यासाठी लिहिले जात आहे. ‘अणू’ हा शब्दच घ्या. पदार्थविज्ञानाने तो घेतला, त्याच्या पोटात केंद्रक आणि इलेक्ट्रॉन बसवले, आणि वैशेषिकांच्या वाचकानेही ते मान्य केले. मग ‘मन’ या शब्दालाच जुन्या अर्थाची बेडी कशासाठी?

‘आत्मा’ तर मुळीच घेऊ नये. तो शब्द आला की मरणोत्तर अस्तित्व, पुनर्जन्म, मोक्ष हे सारे विषय आपसूक मागोमाग येतात. विसाव्या शतकातील वादाला त्यांच्याशी कर्तव्य नाही. दाताची कळ म्हणजे मज्जापेशींची हालचालच की आणखी काही, असा तो प्रश्न आहे, आणि ‘आत्मा’ म्हटल्यावर तो विचारताच येणार नाही.

पाणिनीय:
मूळ प्रश्नावर इतर सदस्य बोलतच आहेत, परंतु पहिल्याच टिपणात आलेल्या ‘मनोशारीरिक’ या रूपाकडे दुर्लक्ष होऊ नये. ‘मनस्’ शब्दाच्या विसर्गापुढे मृदू व्यंजन किंवा ‘अ’ आला तरच ‘ओ’ होतो: मनोबल, मनोरथ, मनोविकार. क, प, श, स यांसारख्या कठोर व्यंजनांपुढे विसर्ग तसाच राहतो: मनःस्थिती, मनःशांती, मनःपूर्वक. ‘श’ कठोर आहे, म्हणून ‘मनःशारीरिक’ हवे. ‘क’ कठोर आहे, म्हणून वैद्यकीय लेखनात सर्रास दिसणारे ‘मनोकायिक’ हे ‘मनःकायिक’ असायला हवे. ज्यांना विसर्ग उच्चारायला अवघड वाटतो त्यांच्यासाठी ‘मनोदैहिक’ हा निर्दोष शब्द उपलब्ध आहे, कारण ‘द’ मृदू आहे.

शरीरवाचक शब्दांचाही विचार व्हावा. ‘शरीर’ हा शब्द झिजणे, विदीर्ण होणे या अर्थाच्या ‘शॄ’ धातूशी जोडतात, ‘देह’ हा वाढणे, साठणे, लेप देणे या अर्थांच्या ‘दिह्’ धातूशी, आणि ‘काय’ हा गोळा करणे या अर्थाच्या ‘चि’ धातूशी. म्हणजे एका शब्दात झीज आहे आणि दुसऱ्या दोहोंत भर. जागा व्यापणाऱ्या द्रव्याविषयी बोलायचे असेल तर ‘देह’ अधिक अन्वर्थक ठरेल असे मला वाटते.

मुक्तवाचक:
‘मनोकामना’ हा शब्द मराठीत पक्का बसलेला आहे आणि कोणालाही खटकत नाही. भाषेने एकदा स्वीकारलेले रूप संधीच्या नियमाने परत पाठवता येत नाही. धातूंविषयी इतकेच म्हणेन की, ‘शरीर कमावणे’ असे म्हणणाऱ्याला झिजण्याचा अर्थ आडवा येत नाही.

पाणिनीय:
‘मनोकामना’ रूढ आहे म्हणून नवा पारिभाषिक शब्दही त्याच साच्यात घडवावा, असे होत नाही. रूढ शब्दाला वारशाचा अधिकार असतो. आज घडवल्या जाणाऱ्या शब्दाला तो नसतो, आणि तो शुद्ध घडवायला काहीही जास्त लागत नाही.

रुग्णसेवा:
मी रुग्णांबरोबर काम करते. तत्त्वज्ञान शिकलेले नाही. तरीही या चर्चेत एक अनुभव सांगावासा वाटतो, कारण तो शब्दांचाच आहे. कोपराच्या वर हात कापावा लागलेले एक गृहस्थ होते. ते म्हणत, ‘मूठ आवळली गेली आहे, ती उघडत नाही, आणि नखे तळव्यात रुतताहेत.’ मूठ नव्हती, नखे नव्हती, तळवा नव्हता. नोंदवहीत काय लिहावे यावर आमच्यात मतभेद झाला. एकाने लिहिले, ‘रुग्णास हात दुखत असल्याचा भास.’ मला ते पटले नाही. भास झाला असेल तर हाताचा. दुखणे भास नव्हते. रात्री झोप न येण्याइतके ते खरे होते.

मराठीत आपण ‘माझा हात दुखतो’ असे म्हणतो. वाक्याचा कर्ता हात असतो. हातच नसेल तर त्या वाक्याचे काय करायचे? अशा दुखण्यावर आरशाचा एक उपाय आहे, मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात तो मांडला. उभा आरसा अशा रीतीने ठेवायचा की, शाबूत हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसेल. मग शाबूत हाताची मूठ सावकाश उघडायची. काही रुग्णांना त्याच क्षणी ‘ती’ मूठही उघडल्यासारखी वाटते आणि कळ ओसरते. सर्वांनाच गुण येतो असे नाही. जे केवळ दिसले त्याने जे दुखत होते ते थांबले. याला मानसिक म्हणायचे की शारीरिक, हे मला खरोखरच सांगता येत नाही, आणि माझ्या हाती असलेल्या दोन शब्दांपैकी एकही पुरा पडत नाही.

दर्शनपाठी:
आपल्या अनुभवाची दखल देकार्तने आधीच घेतली आहे. हात किंवा पाय कापलेल्यांना त्या ठिकाणी वेदना जाणवते, हे त्याने १६४१ च्या ग्रंथातील सहाव्या चिंतनात नोंदवले आहे. त्याच चिंतनात तो असेही म्हणतो की, खलाशी जसा जहाजात असतो तसा मी माझ्या शरीरात नसतो. तसे असते तर जखम झाल्यावर खलाशी तुटलेली फळी पाहतो तशी मी ती केवळ पाहिली असती, मला ती दुखली नसती. ज्याच्या नावावर आपण मन आणि शरीर यांची फाळणी मांडतो, त्याला ही अडचण चांगली दिसत होती.

मुक्तवाचक:
‘माझा हात दुखतो’ या वाक्यावरून एक मोठा मुद्दा निघतो. मराठीत मनाच्या आणि शरीराच्या अवस्था सांगण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत का, हे तपासून पाहा. ‘मला भूक लागली’, ‘मला झोप आली’, ‘मला शंका आली’, ‘मला राग आला’, ‘मला आठवले’. भूक आणि झोप शरीराची, शंका आणि राग मनाचे. तरी रचना एकच. हे सारे माझ्याकडे येते, मला लागते. उलट ‘मी हात उचलला’ आणि ‘मी बेत ठरवला’ यांतही रचना एकच, आणि तेथे मी कर्ता आहे. म्हणजे आपल्या भाषेने रेघ ओढली आहे ती मन आणि शरीर यांच्यामध्ये नाही, तर जे माझ्या बाबतीत घडते आणि जे मी करतो, यांच्यामध्ये. शब्दयोजना पाहा: ‘अंगवळणी पडणे’ हे कौशल्याविषयी, ‘अंगी बाणणे’ हे गुणांविषयी, ‘पोटात गोळा येणे’ हे भीतीविषयी, ‘जिवावर येणे’ हे आळसाविषयी. चांगुलपणा ज्या भाषेत अंगी बाणतो, तिच्यात द्वैतवाद समजावून सांगताना कष्ट पडणारच.

पाणिनीय:
हा निष्कर्ष घाईचा आहे. ‘मी घाबरलो’, ‘मी रागावलो’, ‘मी दमलो’ या वाक्यांत घडते माझ्या बाबतीत, पण ‘मला’ नाही, ‘मी’ आहे. एकच राग ‘मला आला’ असाही सांगता येतो आणि ‘मी रागावलो’ असाही. विभक्तीवरून तत्त्वज्ञान काढू लागलो तर एकाच रागाची दोन तत्त्वज्ञाने होतील.

मुक्तवाचक:
आपली उदाहरणे माझ्याच बाजूची आहेत. घाबरणे मनाचे आणि दमणे शरीराचे; येथेही दोघांना एकच रचना मिळाली. घडणे आणि करणे यांची रेघ मी म्हटले तितकी सरळ नसेल, पण मन आणि शरीर यांच्यामध्ये रेघ नाही हे तर अधिकच ठळक झाले.

शिवाय ‘दुखणे’ शरीराचे आणि ‘दुखावणे’ मनाचे, असे भाषाविषयक लेखनात ठामपणे सांगितले जाते, तेही तपासावे. खेळाडूचा गुडघा दुखावतो आणि मित्राचे मनही दुखावते. ‘सुन्न’ हा शब्द बोटांनाही लागतो आणि बातमी ऐकलेल्या माणसालाही.

दर्शनपाठी:
भाषेतील वाक्प्रचार म्हणजे तत्त्वज्ञान नव्हे, हे म्हणणे बरोबर आहे. तरीही ते पुराव्यातून वगळावेत असे मी म्हणणार नाही, आणि त्याचे कारण देकार्तच्याच पत्रव्यवहारात आहे. मे १६४३ मध्ये बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्याला पत्र लिहून विचारले की, आत्मा हे केवळ विचार करणारे द्रव्य असेल तर शरीराकडून ऐच्छिक कृती तो कशा घडवून आणतो? एखादी वस्तू हलवायची तर तिला ढकलावे लागते, ढकलायला स्पर्श हवा, आणि स्पर्शाला विस्तार, म्हणजे जागा व्यापणे, हवा. आत्म्याला तर तो विस्तारच नाकारलेला. प्रश्न अतिशय नेमका होता, आणि देकार्तच्या पहिल्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही.

जूनच्या अखेरीस लिहिलेल्या पत्रात त्याने जे म्हटले ते मला फार महत्त्वाचे वाटते. आत्मा शुद्ध बुद्धीने कळतो, शरीर बुद्धीला कल्पनाशक्तीची जोड दिली की कळते, पण दोहोंचा संयोग मात्र इंद्रियांनीच स्पष्ट कळतो. तो उमगतो रोजच्या जगण्यातून आणि साध्या बोलण्यातून, चिंतन थांबवल्यावर. एलिझाबेथला हे उत्तर पुरेसे वाटले नाही, आणि मलाही ते उत्तर म्हणून पुरेसे वाटत नाही, कारण ‘कसे’ हा प्रश्न तसाच राहतो. परंतु संयोगाचा पुरावा साध्या बोलण्यात शोधायचा असेल, तर ‘पोटात गोळा येणे’ हा तत्त्वज्ञानाबाहेरचा विषय उरत नाही. त्याच शतकातील तत्त्वज्ञ स्पिनोझाने पुढे निराळी वाट धरली: द्रव्य एकच, आणि विचार व विस्तार ही त्याचीच दोन अंगे, म्हणून कोणी कोणाला ढकलण्याचा प्रश्नच येत नाही. त्याचे मत मराठीत सांगताना ‘अंग’ हा शब्द जितका नेमका बसतो तितका दुसरा कोणताही बसत नाही.

अर्थशोध:
‘अंग’ हा शब्द मी टिपून घेतला आहे. आता याच प्रकरणातील आणखी एक गाठ मांडतो. तत्त्वज्ञ यू. टी. प्लेस यांनी १९५६ मध्ये आणि जे. जे. सी. स्मार्ट यांनी १९५९ मध्ये असे मत मांडले की, संवेदना म्हणजे मेंदूतील प्रक्रियाच. शब्दांचे अर्थ भिन्न असले तरी वस्तू एकच असू शकते, हे पटवण्यासाठी दोघांनीही आकाशात चमकणाऱ्या विजेचे उदाहरण घेतले: ती म्हणजे विद्युत्भारांची हालचाल, आणि हे शब्दार्थावरून कळत नाही, शोधून काढावे लागते. मराठीत हे उदाहरण कोसळते. आकाशात चमकते तीही वीज आणि तारेतून वाहते तीही वीज. ‘वीज म्हणजे विजेचा प्रवाह’ असे लिहिले तर जो शोध म्हणून सांगायचा आहे तो शब्दाची पुनरुक्ती होऊन बसतो.

पाणिनीय:
आकाशातील विजेसाठी ‘तडित्’ किंवा ‘सौदामिनी’ घ्यावे.

मुक्तवाचक:
‘सौदामिनी’ वाचून विद्यार्थी कवितेत जाईल. प्लेस यांच्याच लेखात ढगाचे उदाहरणही आहे: ढग म्हणजे पाण्याच्या सूक्ष्म थेंबांचा समूह. लांबून पाहणाऱ्याला पांढरा पुंजका दिसतो, आत शिरलेल्याला धुके लागते, आणि दोन्ही एकच. मराठीत ते विनासायास बसते. मात्र मला या मतापेक्षा त्याचा बोलीवरचा परिणाम अधिक खुणावतो. ‘मनात आले’ आणि ‘डोक्यात आले’ हे दोन्ही आपण म्हणतो, पण ते सर्वत्र अदलाबदल करता येत नाहीत. ‘डोके चालत नाही’ म्हणतो, ‘मन चालत नाही’ म्हणत नाही. ‘मन रमत नाही’ म्हणतो, ‘डोके रमत नाही’ म्हणत नाही. आता ‘माझ्या मेंदूने ठरवले’ असेही ऐकू येते. तो प्रयोग मला चुकीचा वाटतो, आणि व्याकरणामुळे नव्हे. ठरवतो तो माणूस. ठरवताना त्याच्या मेंदूत काहीतरी घडते, जसे चालताना त्याच्या स्नायूंत घडते.

रुग्णसेवा:
विजेच्या चर्चेत मला गती नाही, पण एका शब्दाविषयी मी सर्वांना कळकळीने विचारते. तपासण्यांत काही सापडले नाही की, रुग्णाला ‘हे मानसिक आहे’ असे सांगितले जाते. मराठीत हे वाक्य ऐकणाऱ्याला ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे, आणि कित्येकदा ‘तुम्ही खोटे बोलता आहात’ असेच ऐकू येते. त्या क्षणी समोरच्याचा चेहरा कसा पडतो ते मी अनेकदा पाहिले आहे. नंतर तो दुखण्याविषयी बोलेनासा होतो. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये वेदनेची जी व्याख्या केली, आणि जी २०२० मध्ये सुधारली, तिच्यात वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून एक अनुभव मानलेला आहे. इजा झाली असेलच असा तिचा आग्रह नाही. मला मराठीत असा शब्द हवा आहे जो रुग्णाच्या तोंडावर उच्चारता येईल आणि ज्याने तो खोटा ठरणार नाही. ‘मनोकायिक’ किंवा ‘मनःकायिक’ कोणताही चालेल, पण तो त्याला समजला पाहिजे.

पाणिनीय:
‘मनोदैहिक’ शुद्ध आहे, उच्चारायला सोपा आहे, आणि त्याचे दोन्ही घटक सर्वांना परिचित आहेत.

मुक्तवाचक:
‘दैहिक’ हा शब्द बोलण्यात कोणी वापरत नाही, आणि वर्तमानपत्रांच्या बातम्यांत तो निराळ्याच संदर्भात येतो. ‘जिवाला लागलेले दुखणे’ असे का म्हणू नये? ‘जीव’ हा एकच मराठी शब्द असा आहे की ज्यात मन आणि शरीर वेगळे काढलेले नाहीत. जीव घाबरा होतो, जीव थकतो, जीव लागतो, जीव जातो.

दर्शनपाठी:
‘जीव’ घेतला की पहिल्या टिपणातील मध्वाचार्य पुन्हा दारात उभे राहतात, कारण त्यांचे द्वैत जीवाचेच आहे. शिवाय ‘जीव जातो’ यात जीव शरीरातून निघून जातो. म्हणजे ज्या शब्दात फाळणी नाही असे आपण म्हणता, त्यातही ती आहेच.

याच ओघात अनुवादकाने एका ठिकाणी विशेष जपावे. ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये देकार्तच्या मतावर टीका करताना शरीराच्या यंत्रात दडलेल्या अदृश्य रहिवाशाची जी प्रतिमा वापरली, तिचे मराठी ‘यंत्रातील भूत’ असे केले जाते. ‘भूत’ म्हणजे पिशाच, तसेच ‘भूत’ म्हणजे पृथ्वी, आप, तेज इत्यादी महाभूत, आणि त्यावरूनच ‘भौतिक’. जो रहिवासी मुळीच भौतिक नाही असे दाखवायचे आहे, त्याच्या नावातच भौतिकाचे मूळ येऊन बसते.

पाणिनीय:
दोन्ही अर्थ ‘भू’ धातूचेच आहेत. जे झाले ते भूत: जे घडून वस्तुरूपाला आले तेही, आणि जे होऊन गेले तेही. दोष शब्दाचा नाही. तरीही गोंधळ टाळायचा असेल तर ‘यंत्रातील पिशाच’ करावे.

मुक्तवाचक:
‘पिशाच’ म्हटले की भय येते, आणि राइल यांच्या म्हणण्यात भय नाही. आक्षेप असा आहे की, माणसाच्या बोलण्याचालण्यातच जे दिसते त्याच्यासाठी आत आणखी एक कोणी मानला गेला. ‘यंत्रातील भूत’ हेच राहू द्यावे, असे माझे मत आहे.

अर्थशोध:
सर्वांचे आभार. ‘वीज’ काढून ढगाचे उदाहरण घेतो, आणि स्पिनोझासाठी ‘अंग’ वापरतो. शीर्षकात ‘द्वैतवाद’ ठेवायचा की ‘द्विद्रव्यवाद’, यावर मात्र कोणीच अखेरचे बोललेले नाही. प्रकरण दहा दिवसांत द्यायचे आहे. कोणाला काही सुचल्यास कृपया लिहावे.

रुग्णसेवा:
माझ्या प्रश्नावरही कृपया लिहावे.